एमआरआयची खोली कारखान्यातूनच यावी

मेंदूच्या प्रत्येक प्रतिमेवर ठिपक्यांची एक बारीक रेघ उमटत होती. सरळ, बॅगेच्या चेनच्या दातांसारखी. आमच्या कामात तिला ‘झिपर’च म्हणतात. यंत्र कोरं करकरीत होतं. कंपनीचा इंजिनिअर दोनदा येऊन गेला, त्याने कॉइल बदलून पाहिली, केबली तपासल्या आणि शेवटी हात वर केले. यंत्रात दोष नाही, म्हणाला, तुमची खोली गळतेय. बांधकामाचा ठेकेदार यावर मनापासून हसला. खोली गळायला पाऊस कुठे पडतोय, असं त्याचं म्हणणं. दोघांच्या पत्रापत्रीत तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस तपासण्या अडून राहिल्या. मग एक जण लहानसा अँटेना आणि रिसीव्हर घेऊन आला, भिंतीवरून वीत वीत सरकत राहिला आणि चादरी ठेवायच्या कपाटापाशी थांबला. कपाट काढलं, तर मागे एक स्क्रू निघाला, हवा होता त्यापेक्षा बोटभर लांब. प्लायवूड पार करून तो तांब्याच्या पत्र्यात घुसला होता आणि पलीकडे बाहेरच्या लोखंडी चौकटीला टेकला होता. सुताराची चूक म्हणावी, तर भिंतीत तांबं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी ती एक खोली होती.

घोळ या समजुतीतच आहे. एमआरआयची खोली हा त्या यंत्राचा आकाराने सगळ्यात मोठा भाग असतो, आणि नेमका तोच भाग आपण गवंडी, सुतार, वायरमन यांच्याकडून जागेवर जुळवून घेतो. तेही आजूबाजूला रुग्णालय चालू असताना. यंत्राचा दुसरा कुठलाही भाग असा बनवायची परवानगी आपण कुणाला देणार नाही. म्हणून माझं मत असं आहे की चालू रुग्णालयात एमआरआयची नवी सोय करायची असेल, तर ती कारखान्यात तयार होऊन, तिथेच एकदा तपासली जाऊन, मॉड्यूलच्या रूपात यावी. जुन्या इमारतीतली एखादी जागा फोडून तिथे मॅग्नेट बसवणं हा अपवाद असावा. आज बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. आधी तळमजल्यावर कुठे कोपरा मिळतो का ते बघतात, तो मिळाला नाही की मग नाइलाजाने मॉड्यूल. मॉड्यूल विकणाऱ्यांचे सगळे दावे मला मान्य आहेत असं मात्र नाही. त्यांच्या माहितीपत्रकांत जे नसतं, त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

खोलीला यंत्राचा भाग का म्हणतो ते आधी सांगायला हवं. शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा क्षीण संदेश पकडणं हे एमआरआयचं काम. त्या संदेशाची वारंवारता चुंबकाच्या ताकदीवर ठरते. ही ताकद टेस्ला या एककात मोजतात, आणि एका टेस्लामागे वारंवारता ४२.५८ मेगाहर्ट्झ. म्हणजे दीड टेस्लाचं यंत्र ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावून बसतं आणि तीन टेस्लाचं १२८च्या आसपास. एफएम रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा, या दोहोंच्या मधला. १२८ तर वैमानिक आणि विमानतळाचा नियंत्रण कक्ष यांच्या संभाषणाच्या पट्ट्यातच येतं. एवढ्या गलक्यात कुजबुज ऐकायची, तर खोलीला सहाही बाजूंनी, म्हणजे छत आणि जमीन धरून, धातूचा अखंड पिंजरा लागतो. तो बहुधा तांब्याचा असतो. या पिंजऱ्याने बाहेरच्या रेडिओलहरी ९० ते १०० डेसिबलने क्षीण कराव्यात अशी अपेक्षा असते. १०० डेसिबल म्हणजे बाहेरच्या लहरींचं विद्युतक्षेत्र आत येईपर्यंत एक लाखांश उरलं पाहिजे.

आणि या अखंडपणाला खोलीतली प्रत्येक गरज छेद द्यायला बघते. वीज आत न्यायची तर फिल्टरमधून. हवा न्यायची तर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या धातूच्या जाळीतून. ऑक्सिजनची नळी न्यायची तर ठरावीक व्यासाच्या आणि लांबीच्या धातूच्या नळकांड्यातून. खिडकीच्या काचेत तांब्याची जाळी. पिंजऱ्याला अर्थिंग द्यायचं तेही एकाच बिंदूवर. दुसरीकडे कुठे तो इमारतीच्या लोखंडाला टेकला की झालं. दार हा तर स्वतंत्र विषय आहे. त्याच्या कडेने स्प्रिंगसारख्या लवचीक धातूच्या बोटांची झालर असते, दार लागलं की ती चौकटीला दाबून बसते आणि पिंजरा पुरा होतो. स्ट्रेचरच्या धक्क्याने त्यातली चारदोन बोटं वाकली, की प्रतिमेवर पुन्हा तीच चेन. हे काम घड्याळजीच्या जातीचं आहे. ते आपण अशा जागी करतो, जिथे शेजारी ड्रिल चालू आहे आणि फरशीवर ओला सिमेंटचा थर आहे.

दुसरी गोष्ट लोखंडाची. दीड टेस्लाचं क्षेत्र म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. नुसतं मोठं असून भागत नाही. रुग्णाचा तपासायचा भाग जिथे येतो त्या गोलाकार जागेत ते दशलक्षात काही भाग इतक्या बारकाईने एकसारखं असावं लागतं. आसपासचं स्थिर लोखंड एकदाच हिशेबात धरता येतं, मॅग्नेट बसवल्यावर ‘शिमिंग’ करून त्याची भरपाई होते. हलणाऱ्या लोखंडाचं तसं नाही. पलीकडच्या भिंतीआडून लिफ्ट वर गेली, बाहेर मालाची गाडी येऊन उभी राहिली, की क्षेत्र हलतं. जुन्या इमारतीत तर स्थिर लोखंडाचाही भरवसा नाही. स्लॅबमध्ये सळ्या किती, कुठे आणि कशा टाकल्यात, हे कागदावर शोधायला गेलात तर मूळ नकाशे सापडत नाहीत, सापडले तर त्याप्रमाणे काम झालेलं नसतं. मॉड्यूलमधलं लोखंड निदान माहीत असतं. कुठली पट्टी साध्या पोलादाची, कुठली स्टेनलेसची, मॅग्नेटच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं आहे का, याचा हिशेब आधी होऊ शकतो. माझ्या दृष्टीने कारखान्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. बोलबाला मात्र वेगाचा होतो.

वेगाचा मुद्दा खोटा आहे असं नाही. जागेवर पायाचं काँक्रीट पुरी ताकद धरायला अठ्ठावीस दिवस घेतं, तेव्हा तिकडे कारखान्यात भिंती उभ्या राहतात, वायरिंग होतं, तांबं चढतं. एकामागून एक होणारी कामं बरोबरीने होतात, म्हणून वेळ वाचतो. पण मी रुग्णालयाच्या जागी असतो तर वाचलेल्या महिन्यांपेक्षा न उडालेल्या धुळीचा विचार आधी केला असता. तोडफोडीच्या धुळीतून बुरशीचे बीजकण उडतात. धडधाकट माणसाला त्यांचं काही होत नाही, पण केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव बदललेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ॲस्परजिलस नावाची बुरशी शिरली, तर ती जिवावर बेतू शकते. चालू रुग्णालयात भिंत फोडणं हे बांधकाम नाही, तो एक वैद्यकीय धोका आहे, आणि तो टेंडरच्या तुलनातक्त्यात कुठेच लिहिलेला नसतो. कारखान्यातली धूळ कारखान्यात राहते.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: मॉड्यूल म्हणजे डबा, तात्पुरतं काम. हा गैरसमज ट्रेलरमुळे झाला आहे. ट्रकच्या मागे जोडून गावोगाव फिरणारं एमआरआय ही वेगळी वस्तू आहे. तिला फिरायचं असतं, म्हणून ती अरुंद असते, रुग्णाला लिफ्टवरून वर चढवावं लागतं, आणि बेड आत जात नाही. मॉड्यूलची इमारत पक्क्या पायावर बसते आणि तिथेच राहते. घडवण्याची जागा तेवढी वेगळी. रुग्णालयं तयार करून पाठवण्याची कल्पनाही काही काल-परवाची नाही. क्रिमियन युद्धात १८५५मध्ये ब्रिटिश अभियंता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल याने रेन्किओई इथल्या लष्करी रुग्णालयाचे लाकडी वॉर्ड इंग्लंडमध्ये सुट्या भागांत तयार करवून जहाजाने तुर्कस्तानात, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर धाडले होते. त्याची खुबी वॉर्ड पटकन उभे राहण्यात होतीच, पण हवा खेळवण्याची, पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था त्याने वॉर्डाच्या रचनेतच धरली होती, आणि सगळे वॉर्ड एका लांब झाकलेल्या मार्गिकेने जोडलेले होते. मार्गिकेचं लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

अलीकडे मॉड्यूलचं नाव निघालं की लोकांना वुहान आठवतं. २०२०च्या फेब्रुवारीत तिथलं हुओशेनशान रुग्णालय सुमारे दहा दिवसांत उभं राहिलं, हजार खाटांचं. ते दृश्य अचाट होतं. पण त्याने एक चुकीची सवय लावली, मॉड्यूलचं मोजमाप दिवसांत करण्याची. वॉर्डाचं मॉड्यूल आणि एमआरआयचं मॉड्यूल यांत लाकडी पेटी आणि घड्याळ यांच्याइतकं अंतर आहे. कुणी मला इतक्या दिवसांत एमआरआय उभं करून देतो म्हणाला, की मी आधी त्याला विचारतो, सांधे किती आहेत?

कारण मॉड्यूलचा कस सांध्यांवर लागतो. मॅग्नेटची खोली ऐसपैस असावी लागते आणि रस्त्यावरून नेता येणाऱ्या खोक्याच्या रुंदीला मर्यादा असते. त्यामुळे पुष्कळदा खोली दोन खोक्यांत विभागलेली येते आणि तांब्याचा पिंजरा मधोमध जोडावा लागतो. कुठे? जागेवरच, उघड्या आभाळाखाली, क्रेन तासाच्या भाड्याने उभी असताना. कारखान्यात शंभर डेसिबलची चाचणी पास झाल्याचं प्रमाणपत्र अशा वेळी सजावटीपुरतं उरतं. खोका ट्रेलरवर हलतो, खड्ड्यांतून जातो, क्रेनला लटकताना त्याच्या चौकटीला पीळ पडतो. डाख दिलेल्या शिवणीला डोळ्याला न दिसणारी चीर जायला एवढं पुरतं. म्हणून पिंजऱ्याची चाचणी तीनदा व्हावी: कारखान्यात, जागेवर जोडल्यावर, आणि आतली सगळी सजावट होऊन शेवटचा सुतार घरी गेल्यावर. तिसऱ्या चाचणीचा आग्रह मी का धरतो, ते वरच्या स्क्रूवरून कळेल. शक्य असेल तिथे मॅग्नेटची खोली एका अखंड खोक्यात मागावी आणि सांधा कंट्रोल रूमच्या बाजूला ढकलावा. वाहतूक महाग पडेल. पडू द्या.

जमिनीशी होणारा सांधाही असाच. मॅग्नेट चार ते सहा टनांचं, तीन टेस्लाचं त्याहून जड. पोलादी चौकटीवरची हलकी फरशी त्याखाली तुटणार नाही, पण थरथरेल, आणि थरथर प्रतिमेत दिसते. मॅग्नेटचं वजन फरशीवर न टाकता थेट खालच्या काँक्रीटवर घेतलं, तर निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी जागेची. रुग्णालयात मोकळी जागा म्हणजे बहुधा वाहनतळ, आणि वाहनतळाशेजारी रस्ता असतो, कधी रेल्वेही. कंपनं मोजून मग जागा ठरवावी, हे साधं वाटतं. मी उलटं होताना पाहिलं आहे: जागा ठरली, पाया झाला, आणि मग मोजणीचा माणूस बोलावला. तो बिचारा काय सांगणार!

आतल्या बाजूने मॅग्नेटचा आवाजही हलक्या बांधणीत जास्त पसरतो. ग्रेडियंट कॉइलचा, म्हणजे तपासणीत चुंबकक्षेत्र झपाट्याने बदलणाऱ्या वेटोळ्यांचा, ठोका शंभर डेसिबलच्या वर जातो आणि पोलादी चौकट तो शेजारच्या खोलीपर्यंत पोचवते. हे सुटण्यासारखं आहे, रबरी गाद्या, दुहेरी भिंती वगैरे. पुढे जाऊ.

मला सगळ्यात जास्त सतावणारा सांधा म्हणजे मॉड्यूल आणि रुग्णालय यांच्यातला. एका ठिकाणी उत्तम मॉड्यूल बसलं होतं. आतून पाहाल तर प्रतिमा स्वच्छ, तापमान स्थिर, दार बोटाने ढकललं तरी लागणारं. मोकळी जागा वाहनतळाच्या टोकाला होती, म्हणून ते तिथे बसलं. एका रात्री दोनच्या सुमाराला व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तिकडे न्यायचं होतं. बेड, त्याच्यामागे व्हेंटिलेटरची ट्रॉली, दोन इन्फ्युजन पंप, मॉनिटर, एक भूलतज्ज्ञ, दोन नर्स, दोन वॉर्डबॉय आणि मी, कारण पंपाचा अलार्म मघापासून वाजत होता. लिफ्टने खाली, कॅज्युअल्टीतून बाहेर, पत्र्याच्या शेडखालून उताराने, आणि मॉड्यूलच्या दारात दोन सेंटिमीटरचा उंबरा. दोन इमारतींच्या पातळीत उरलेला फरक झाकायला बसवलेली एक पट्टी. बेडचं पुढचं चाक तिला अडलं. भूलतज्ज्ञाने एका हाताने नळी धरली, दुसऱ्या हाताने आम्हाला थांबवलं. बेड उचलून घ्यावा लागला, इंच इंच. रुग्ण सुखरूप परतला. कारखान्यातून मिलिमीटरच्या मापाने आलेल्या इमारतीत तेवढी एकच गोष्ट जागेवर अंदाजाने केली होती.

अशी मार्गिका जिथे नीट नाही, तिथे हळूहळू एक गोष्ट घडते. गंभीर रुग्ण तिकडे पाठवणं टाळलं जातं. कुणी तसा आदेश काढत नाही, पण रात्रीची तपासणी सकाळवर जाते, सकाळची ‘स्थिर झाल्यावर बघू’वर. मणक्याच्या दुखण्याचे आणि गुडघ्याचे रुग्ण चालत येतात, यंत्राची आकडेवारी छान दिसते, आणि ज्या रुग्णाला पुढच्या तासात उत्तर हवं असतं त्याच्यापर्यंत ते यंत्र पोचतच नाही. ब्रुनेलला १८५५मध्ये जे कळलं होतं, त्याचा खर्च आज ‘सिव्हिल वर्क, इतर’ या सदरात शेवटच्या ओळीत टाकतात आणि अंदाजपत्रक कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथे लागते. बंदिस्त, सपाट, बेड आणि ट्रॉली शेजारी शेजारी जातील एवढी रुंद मार्गिका मिळत नसेल, तर त्या जागी मॉड्यूल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे जुनी इमारत फोडलेली परवडली. माझ्याच युक्तिवादाला हा अपवाद आहे आणि तो मी मोकळेपणाने देतो.

मॉड्यूलचं क्षेत्रफळ मोजून मापून असतं आणि त्यातून दुसरा मोह होतो, आधीच्या खोल्या आखडण्याचा. २००१मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयात सहा वर्षांचा मुलगा तपासणीसाठी आत असताना ऑक्सिजनचं पोलादी सिलिंडर खोलीत आणलं गेलं. चुंबकाने ते खेचून घेतलं आणि ते मुलाच्या डोक्यावर आदळलं, मुलगा गेला. पुढच्या वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने सुरक्षेचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आणि चार विभागांची मांडणी रूढ झाली: पहिला सगळ्यांना खुला, दुसऱ्यात रुग्णाची विचारपूस आणि कपडे बदलणं, तिसऱ्यात तपासून सोडलेली माणसंच, चौथी मॅग्नेटची खोली. म्हणजे बाहेरच्या माणसाच्या आणि चुंबकाच्या मध्ये निदान दोन दारं आणि एक प्रशिक्षित माणूस. खोकी तीनऐवजी दोनच घेऊ, असं म्हणत दुसरा आणि तिसरा विभाग एक केला, की मधलं दार जातं. नकाशावर ती एक रेघ पुसण्यासारखं असतं. चुंबक रात्रंदिवस चालू असतं, त्याला बटण दाबून बंद करत नाहीत, हे मंजुरी देणाऱ्या समितीतल्या किती जणांना माहीत असतं, कोण जाणे.

क्षेत्र भिंतीपाशी थांबत नाही, हेही नकाशावर सहज दिसत नाही. पेसमेकरवाल्यांसाठी परंपरेने पाळली जाणारी पाच गॉसची (गॉस म्हणजे टेस्लाचा दहाहजारावा भाग) सीमा दीड टेस्लाच्या आजच्या यंत्रात अक्षाच्या दिशेने सुमारे चार मीटर आणि बाजूने अडीच मीटरवर येते. एकेकाळी, १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःचं क्षेत्र आवरून धरणारी मॅग्नेट येण्यापूर्वी, ती दहा मीटरच्याही पलीकडे असायची. पण ही सीमा वर आणि खालीही असते. मॉड्यूल गच्चीवर चढवलं तर खालच्या मजल्यावर कोण बसतं ते बघायला हवं, जमिनीवर ठेवलं तर छतावर कोण चढतं ते. एअर कंडिशनरची दुरुस्ती करायला चढणाऱ्या माणसाच्या खिशात पाना असतो.

हेलियमबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न बदलतो आहे. मॅग्नेटच्या अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणाऱ्या, तारा थंड ठेवायला उणे २६९ अंशांचा द्रव हेलियम लागतो, नेहमीच्या मॅग्नेटमध्ये हजार-दीड हजार लिटर आणि अधिकही. अतिवाहकता अचानक गेली की तो उकळतो. ‘क्वेंच’ म्हणतात ते हेच. एका लिटरचा वायू सातशे लिटरहून अधिक होतो आणि तो छतावरच्या पाइपने बाहेर जायला हवा. पाइप तुंबला तर वायू खोलीत भरतो, ऑक्सिजन हटवतो, आणि दाबामुळे आत उघडणारं दार माणसाच्या ताकदीने उघडत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारं किंवा भिंतीत दाब सुटायला झडप. उघड्या जागेवरच्या एकमजली मॉड्यूलला हे सोपं जातं. पाइप सरळ वर निघतो. बहुमजली इमारतीच्या तळघरातून तोच पाइप वळणं घेत आठ मजले चढवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्याला विचारावं. आता बंदिस्त मॅग्नेट आली आहेत. फिलिप्सने २०१८मध्ये सुमारे सात लिटर हेलियमवर चालणारं दीड टेस्लाचं मॅग्नेट आणलं, सीमेन्सच्या ०.५५ टेस्लाच्या एका यंत्रात तर लिटरभरही नाही. तिथे क्वेंच पाइपच लागत नाही.

यावरून काही जण विचारतात, मग खोलीचा एवढा खटाटोप कशाला? ०.०६४ टेस्लाचं, चाकांवर ढकलत खाटेशी नेता येणारं यंत्रही २०२०पासून बाजारात आहे, त्याला पिंजराही लागत नाही. ते यंत्र मला आवडतं. अतिदक्षता विभागात डोक्यात पाणी किंवा रक्त साठलंय का, एवढं विचारायचं असेल तर ते उत्तर देतं, आणि तेवढ्यापुरता वर सांगितलेला मार्गिकेचा प्रश्नच मिटवतं. पण ते डोक्यापुरतं आहे आणि त्याची प्रतिमा ढोबळ आहे. पाठीचा कणा, यकृत, हृदय, सांधे यांसाठी मोठं मॅग्नेट लागतं आणि त्याला पिंजरा लागतोच. हेलियम कमी झाला म्हणून आकाशवाणी गप्प होत नाही.

आता पैशाचं, म्हणजे कराराचं. सुरुवातीच्या गोष्टीत यंत्राचं कंत्राट एकाकडे होतं, खोलीचं दुसऱ्याकडे, आतल्या सजावटीचं तिसऱ्याकडे. तिघेही आपापल्या करारानुसार निर्दोष होते. असे करार तोडून देण्यामागे स्पर्धा व्हावी, दर कमी यावेत असा हेतू असतो, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तो चूक म्हणता येणार नाही. पण मॉड्यूलचा एक फायदा करारात उतरवला नाही तर वाया जातो: इथे एकाला जबाबदार धरता येतं. पाया, जोडणी, पिंजरा, चिलर (यंत्र थंड ठेवणारी यंत्रणा), मार्गिकेचा उंबरा आणि पहिली निर्दोष प्रतिमा, हे सगळं एकाच सहीखाली यावं आणि शेवटचा हप्ता त्या प्रतिमेवर अडकवून ठेवावा. खोकी पोचली की ऐंशी टक्के पैसे देणारे करार मी पाहिले आहेत. खोकी पोचवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

एकहाती जबाबदारीचा तोटाही आहे. यंत्र बनवणारा आणि मॉड्यूल बनवणारा यांनी हातमिळवणी केली, तर खोली त्या एका यंत्राच्या मापाची शिवून येते. केबलचे खड्डे, फिल्टरची जागा, चिलरची ताकद, सगळं त्याच कंपनीचं. मॅग्नेटचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. इमारत त्याहून पुष्कळ टिकते. दुसऱ्या यंत्राच्या वेळी बाजारात तीन कंपन्या असतील आणि तुमच्या खोलीत एकच बसेल, तर पहिल्या वेळी झालेली बचत ती कंपनी व्याजासकट वसूल करेल. त्यावर उपाय साधा आहे, पण तो आधीच मागावा लागतो: आज बाजारात असलेल्या निदान तीन यंत्रांच्या मापांत बसेल असा पाया, खोली आणि वीजजोडणी. बहुतेक कारखानदार हे देऊ शकतात. न मागता कुणी देत नाही.

एक आक्षेप मला खोडता येत नाही. खोकं येईल, मॅग्नेट येईल, पण रात्री ते चालवायला टेक्निशियन आणि प्रतिमा वाचायला रेडिओलॉजिस्ट कुठून येणार? मॉड्यूलच्या वेगाने हा प्रश्न उलट तीव्र होतो. बांधकाम रखडायचं तेव्हा माणसं शोधायला वेळ मिळायचा. आता इमारत तयार असते आणि भरतीची जाहिरातही निघालेली नसते. पायाची पहिली कुदळ मारली जाते त्याच दिवशी दोन माणसं प्रशिक्षणाला पाठवावीत, एवढंच मी सांगू शकतो. ते पुरेसं नाही, हे मला ठाऊक आहे.

नकाशे मंजुरीला आले की समितीत बाहेरच्या रंगसंगतीवर बराच वेळ चर्चा होते. मी तेव्हा एक तक्ता शोधत असतो, जुनं मॅग्नेट बाहेर कसं काढणार त्याचा. भिंतीची कुठली चौकट सुटते, तांब्याची शिवण कुठे उकलून पुन्हा जोडायची, क्रेन कुठे उभी राहणार, आणि तोवर तिथे कुणी दुसरं काही बांधणार नाही याची हमी कोण देतं. मागच्या वेळी तो तक्ता नव्हता. विचारलं, तर उत्तर आलं, त्याला अजून बारा वर्षं आहेत. मी फाइल परत पाठवली.